हैबतीच्या खिडकीखाली

“यावर तुमच्यापैकी एकीचाही विश्वास बसायचा नाही,” मी म्हणालो, “आणि बसला तर मी भिकू कासार नव्हे.”

ऋतुजाचा डावा हात माझ्या हातात होता. दुसऱ्या दिवशी तिची हळद. ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर मी, माझ्यापुढं हिरव्या काकणांच्या माळा, साबणाच्या पाण्याचं पातेलं आणि भोवती पंधरावीस बायका. पैलवाडीच्या मोहित्यांच्या घरात चुडा भरायचा म्हणजे नदीपल्याडच्या कसब्यातला भिकू कासार, हे पन्नास वर्षांचं ठरलेलं. मध्ये पाच वर्षं तेवढा खंड पडला होता.

समोरच्या भिंतीवर हैबतीचा फोटो. फोटो काढणाऱ्यानं मिशांवर अन्याय केला होता. खऱ्या मिशा त्या चौकटीत मावल्या नसत्या.

“सांगा ना मामा,” ऋतुजा म्हणाली. “आजोबा गेले तेव्हा मी पिंपरीला मंदामावशीकडं अडकलेले. आईला विचारलं की ती भांडी घासायला उठते. बाबा तर विषयच काढत नाहीत. तुम्ही त्यांचे दोस्त. शेवटी कसे होते ते?”

“हात सैल सोड पोरी. ताठ धरलास तर काकण पिचंल.”

“सोडला. आता सांगा.”

“सांगा, पण खरं सांगा हं भिकूमामा,” मंदामावशी मागनं म्हणाली. ही शालनची बहीण. पिंपरीत राहून जीभ चांगली परजून आली होती. “मागं शालीच्या लग्नात सांगितलं होतंत, तुमच्या आज्यानं राणीच्या हातात बांगड्या भरल्या म्हणून.”

“राणीच्या नव्हे, राणीच्या धाकट्या बहिणीच्या. उगाच खोटं कशाला बोलू?”

बायका हसल्या. शालन, म्हणजे ऋतुजाची आई, हैबतीची सून, स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी सुपात डाळ निवडत बसली होती. ती हसली नाही. पण तिला कामंही होती.

मी पहिलं काकण ऋतुजाच्या अंगठ्यावरनं अलगद उतरवलं आणि सुरू झालो.

हैबती आणि मी एका वयाचे. तो या काठाला, मी त्या काठाला, मध्ये कृष्णा. चाळीस वर्षं रोज सकाळी तो इकडून उडी घ्यायचा, मी तिकडून, आणि नदीच्या मधोमध आमची गाठ पडायची. तिथं सात पुरुष पाणी. पाय टेकायची सोय नाही. पण गप्पांच्या नादात बुडायचं राहून जायचं. एकदा मगर आली. हैबती तिला म्हणाला, “बाई, दोन गडी बोलत असताना मध्ये येऊ नये.” ती लाजली आणि आल्या वाटेनं गेली.

“बाई होती हे कसं कळलं?” मंदामावशी.

“लाजली म्हणून तर.”

पुन्हा हशा. ऋतुजाचा हात मऊ पडला होता. चार काकणं सरसर चढली. हसवलं की हात सैल सुटतो. कासाराची निम्मी विद्या तीच.

मग ती साथ आली. पुलाच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले, पोलीस बसवले. ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरायची: साठ वर्षांवरच्या माणसांनी घराबाहेर पडू नये. आम्ही दोघंही सत्तरी ओलांडलेले. माझा धंदा त्याच दिवशी संपला. हात धरल्याशिवाय बांगडी भरता येत नाही आणि हात धरला तर माणूस मरतो, असं टीव्हीवर सांगत होते. मी घरात बसलो. हैबतीला त्याच्या संभाजीनं वरच्या माडीवर ठेवलं. पोरानं वाईट केलं असं मी म्हणत नाही. बापाच्या काळजीनंच केलं. माडीला खिडकी होती, पंखा होता, नवा मोबाइल दिला होता. नव्हतं ते एवढंच, की दार उघडून आत कुणी येत नव्हतं.

पहिले पंधरा दिवस हैबती फोनवर खदाखदा हसायचा. “भिक्या, लेका, सासऱ्याच्या घरी आल्यागत वाटतंय. आयतं ताट येतंय, काम काय न्हाई.”

मग हसू कमी झालं.

“भिक्या, आज वार कुठला?”

“बुधवार.”

“काल बी बुधवारच हुता की रं.”

मग एक दिवस म्हणाला, “माझं पाय माझं ऐकंनात. मोरीपातुर जातो तर भिंत धरावी लागती. नदी पोहणारा गडी मी, मोरी पोहता येईना.”

“डॉक्टरला दाखव की.”

“दाखवलं. फोनवर. त्यो म्हणला, तुम्हाला काय झालं न्हाई. तीनदा नाकात काडी घातली, तीनदा काय न्हाई निघालं. काय झालंच न्हाई तर बरं कशातनं व्हायचं, भिक्या?”

ऋतुजानं डोळे फोटोकडं वळवले होते. मी तिचा दुसरा हात घेतला.

मग त्याचं जेवण सुटलं. अर्धी भाकरी, मग चतकोर, मग नुसतं ताक. म्हणायचा, घास फिरतोय तोंडात. म्हणायचा, “तुझी थाप ऐकली की दोन घास उतरतात बघ. पण फोनवरची थाप पाणचट लागती. समोर बसून मारावी.”

तेव्हाच मी ठरवलं. म्हणालो, “हैबती, उद्या येतो. तुझ्या वहिनीनं, कमळीनं, हुलग्याचं माडगं केलंय. डबा डोक्याला बांधतो आणि पोहून येतो.”

“खरं?”

“भिकू कासार आजवर खोटं बोललाय?”

“न्हाई,” तो म्हणाला, “कधीच न्हाई.” आणि कितीतरी दिवसांनी हसला.

“गेलात?” ऋतुजानं विचारलं.

“गेलो म्हणजे? त्याशिवाय सांगतोय?”

पुलावर पोलीस, काठावर पोलीस. माणूस दिसला की काठी. मग मी काय केलं? आमच्या आळीतल्या तुका गवळ्याच्या म्हशी पाण्यात जायच्या वेळेला मी त्यांच्या मधोमध पाण्यात शिरलो. डोक्यावर डबा, डब्यावर काळं घोंगडं, तोंडाला मास्क. काठावरनं शिपाई म्हशी मोजत होता. दुसऱ्याला म्हणाला, “मघाशी अकरा हुत्या, आता बारा कशा?” दुसऱ्यानं डोळे बारीक केले. “बाराव्या म्हशीनं धोतर नेसलंय वाटतं.” पहिला म्हणाला, “मास्क लावलाय न्हवं? मग जाऊ दे.”

ओसरीवर हसू फुटलं. एक म्हातारी तर पदर तोंडात कोंबून डुलायला लागली. मंदामावशीनंही हात टेकले. “धन्य आहे तुमची!”

सात पुरुष पाणी कापत, ओढ्याच्या तोंडाशी भोवरा चुकवत, वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी या काठाला लागलो. तिथनं उसातनं वाकून या घराच्या मागं, माडीच्या खिडकीखाली. खालनं शीळ घातली.

खिडकीत तोंड दिसलं. मी क्षणभर ओळखलंच नाही. मिशा होत्या त्याच होत्या, पण त्यांच्यामागचा माणूस कुणीतरी उचलून नेला होता.

“भिक्या?”

“मी न्हाई तर काय म्हैस?”

“लांब उभा ऱ्हा. माझ्यामुळं तुला काय व्हायला नगं.”

“मला काय व्हतंय? मला बघून रोगच पळतोय.”

त्यानं वरनं दोरी सोडली. मी डबा बांधला. त्यानं ओढून घेतला. खिडकीत बसून, माझ्याकडं बघत, तो वाटीभर माडगं प्यायला. मी त्याला म्हशींची गोष्ट सांगितली. तो हसला, हसताना खोकला, आणि खोकला आला म्हणून घाबरून आत दाराकडं बघितलं. कुणी ऐकलं तर पुन्हा नाकात काडी.

“भिक्या,” मग तो म्हणाला, “मला माणसाचा हात लागून किती दिस झालं ठावं हाय? छप्पन्न. सून ताट स्टुलावर ठेवती अन् काठीनं आत सरकवती. म्हशी हाकायची काठी, तीच.”

उंबऱ्याशी सुपाचा आवाज थांबला. दोघीतिघी बायकांनी तिकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मी काकणाकडं बघत राहिलो. गोष्ट सांगताना मध्येच कुणाकडं बघू नये. धागा तुटतो.

“त्या वेळी सगळीकडं तसंच होतं,” मंदामावशी घाईनं म्हणाली. “आमच्या सोसायटीत तर...”

“होतंच की,” मी म्हणालो. “मी कुठं नाव ठेवतोय?”

सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

तर मी रोज जायला लागलो. रोज बारावी म्हैस. पण माणूस असा असतो बघा, की एकदा आतनं सैल झाला की दोरी ओढायलाही कुणीतरी लागतं. पाचव्या दिवशी त्यानं डबा ओढला आणि मध्येच थांबला. दम लागला म्हणाला. आठव्या दिवशी दोन हातांनी ओढला. दहाव्या दिवशी दोरी नुसती खाली आली. डबा बांधला, वर कुणी ओढीचना. मी खालनं हाका मारतोय. बऱ्याच वेळानं तोंड दिसलं.

“काय रं, डबा?”

“कसला डबा?”

“अरं, माडगं.”

“हां, हां.” त्यानं दोरीकडं बघितलं. गाठ कशी सोडायची हे त्याला आठवेना. ज्या माणसानं पुरात तीन बैल दोरानं ओढून काढले त्याला गाठ सुटेना. तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे तिथंच. आबा आला की काढंल.”

आबा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. त्याला जाऊन तीस वर्षं झाली होती.

ऋतुजाच्या दोन्ही हातांचा चुडा भरून झाला होता; ती तशीच ओले हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

“मग तुम्ही त्यांना दवाखान्यात...” ती म्हणाली.

“दवाखान्यात खाट कुठं होती पोरी? आणि नेलं असतं तर तिथं तरी कोण होतं त्याच्याजवळ? काचेमागनं माणसं बघायची. त्याला रोग असता तर औषध तरी होतं. त्याला रोगच नव्हता. तो नुसता विझत होता.”

“तुम्ही एवढे रोज जायचात, तरी?”

“तरी.” मी मंदामावशीकडं बघितलं. “बघ, तू म्हणतेस भिकूमामा थापा मारतो. थाप मारायची असती तर मी त्याला वाचवला नसता? दहाव्या दिवशी उठून बसला, अकराव्या दिवशी नदीत उडी घेतली, असं सांगितलं असतं. मला काय अवघड होतं? पण जे झालं ते झालं.”

मंदामावशीनं मान खाली घातली.

कुणीतरी म्हणालं, “शालन, ये गं, तुझा हात राहिलाय. नवरीच्या आईचा हात रिकामा बरा न्हाई.” शालननं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि माझ्यापुढं येऊन बसली. डावा हात पुढं केला. राबलेला, हाडाचा, कडक हात. मी साबणाच्या पाण्यानं चोळला, बोटं एकत्र दाबली. असा हात हसवून सैल करावा लागतो. पण मी गोष्टीच्या अशा वळणावर होतो, की तिथं हसू आणता येत नव्हतं.

“मग?” ऋतुजा म्हणाली.

मग सोळावा दिवस. त्या दिवशी दोरी आलीच नाही. खिडकी उघडी, पण खिडकीत तोंड नाही. मी शीळ घातली, हाक मारली. मग म्हणालो, भिकू, आता काय व्हायचं ते होऊ दे. मागच्या पेरूच्या झाडावर चढलो. बहात्तर वर्षांचा मी, फांदीवरनं खिडकीत पाय टाकला आणि आत उतरलो.

तो खाटेवर पडला होता. डोळे उघडे. मी जवळ गेलो, मास्क काढून खिशात घातला आणि त्याचा हात हातात घेतला. माझ्या हातांनी आजवर हजारो हात धरलेत. माप घ्यायला मला नुसतं बोट पुरतं. त्याचा हात मावळ्याच्या मनगटाचा होता एके काळी. त्या दिवशी त्यात नवरीच्या मापाचं काकण गेलं असतं.

तो म्हणाला, “आलास?”

“आलो.”

“लई वाट बघाय लावलीस.”

“रोज तर येतोय गड्या.”

“व्हय. रोज येतोस.” आणि त्यानं माझा हात दाबला. तेवढीच ताकद उरली होती.

ऋतुजा रडायला लागली. बिनआवाजाचं, नुसते डोळ्यांतनं. म्हातारीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या हातांत शालनचा हात होता, त्यात तीन काकणं चढली होती. मी चौथं घेतलं. गोष्ट आता शेवटाला आली होती आणि मी ती हळू हळू, जपून उतरवत होतो.

मी डबा उघडला. माडगं अजून कोमट होतं. त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि एक चमचा त्याच्या ओठाला लावला. म्हणालो, हैबती, एवढा एक घे. कमळीनं केलंय. त्यानं तोंड उघडलं. घेतला. गिळला. तो त्याचा शेवटचा चमचा. माझ्या हातचा. मग...

“थांबा मामा.”

मला वाटलं, काकण रुतलं. “दुखलं काय गं?”

शालननं हात मागं घेतला. चौथं काकण माझ्या बोटांत राहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. लेकीकडं बघत होती. आवाज अगदी साधा, भाजीत मीठ किती घालायचं सांगतात तसा.

“तो चमचा मी घातला. पेजेचा. हातमोजं काढून, मास्क काढून, दार लावून घेऊन. माझ्या मांडीवर डोकं हुतं त्यांचं. काठीनं ताट सरकवायची, ती मीच. अन् चमचा घातला, ती बी मीच.”

“शाले...” मंदामावशी म्हणाली.

“बोलू दे. पोरीनं इचारलंय, तर खरं ऐकू दे तिला.” मग ती माझ्याकडं वळली. “मामा, तुम्ही आलाच न्हवता. एक दिस बी न्हाई. तुम्ही पोहून आलो म्हणताय. त्या साली नदीत पाणी कुठं हुतं? बंधाऱ्याची गळती काढायची म्हणून फळ्या काढल्या हुत्या अन् तेवढ्यात टाळेबंदी लागली. परत बसवायला माणसं आलीच न्हाईत. पाणी सगळं वाहून गेलं. पुलावर पोलीस हुतं, पण खाली घाटावर कुत्रं फिरत न्हवतं. धोतर वर धरून चालत आला असता तरी गुडघा भिजला नसता.”

शालननं हाताला लागलेला साबण पदराला पुसला.

“भ्यायला असाल. आम्ही बी भ्यायलोच हुतो. मी तर सासऱ्याला काठीनं ताट दिलं, मी काय तुम्हाला नाव ठेवू? पण तुम्ही त्यांना फोनवर सांगितलंत, उद्या माडगं घेऊन पोहून येतो. जन्मभर त्यांनी तुमचं एक बोलणं खरं धरलं न्हाई, मामा. तेवढं धरलं. मला खुर्ची खिडकीला लावाय लावली. नदीत पाणी न्हाई, हे त्यांना दिसत हुतं, तरी म्हणायचे, भिक्या पोहूनच येणार, त्यो चालत यायचा न्हाई. सोळा दिस. मी तुमच्या घरी फोन लावला तर मामी म्हणाल्या, झोपलेत.”

“आई,” ऋतुजा म्हणाली.

“मी रोज ताट घेऊन दारात उभी ऱ्हायची. म्हणायची, मामंजी, दोन घास खावा. पोटात काय न्हाई तुमच्या. तर ते खिडकीतनं मान न वळवता म्हणायचे, ‘घेऊन जा पोरी. भूक राखून ठेवलीया. भिक्या माडगं घेऊन निघालाय.’”